झाडीतून जायचं ठरवलंसच तर

नर्मदेच्या परिक्रमेला निघायचं, आणि तेही सडकेने न जाता शूलपाणीच्या झाडीतून, हे तुझं नक्की झालंय असं दादाकडून कळलं. "तूच समजाव आता तिला," असं तो फोनवर मला म्हणाला. मी समजावणार नाही. सहा महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर करून घेतलेली पोरगी समजावण्याच्या पलीकडे गेलेली असते. पण झाडीतून जायचं तर काही गोष्टी कानात असू देत. त्यातल्या निम्म्या माझ्या सासूबाईंच्या आहेत. त्या स्वतः कधी परिक्रमेला गेल्या नाहीत. बडवानीहून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा अशी जी सडकेची वाट गुजरातेत उतरते, ती आमच्या शहाद्याच्या दारावरून जाते. कार्तिक सरला की पांढऱ्या कपड्यांतली माणसं यायची, ओसरीवर आसन लावायची, आणि सासूबाई भाकऱ्या थापता थापता त्यांचे पाय बघत बसायच्या. हा समुद्रापर्यंत जाणार, हा प्रकाशाहून एसटीत बसणार, असं त्या सांगायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मी बरीच वर्षं वाढणारी होते, चालणारी मागाहून झाले. त्यामुळे माझं सांगणं थोडं चुलीच्या बाजूचं असेल.

सडकेवर तुझ्यासाठी सोय केलेली असते. आश्रम आहेत, धर्मशाळा आहेत, अन्नक्षेत्रं आहेत, भिंतीवर रंगवलेले फोन नंबर आहेत. झाडीत अशी सोय फार थोडी. तिथे तुझ्या ताटात आलेली भाकरी कुणाच्या तरी घरच्या वर्षभराच्या मक्यातून आलेली असते. तू जे जे ठरवशील, कधी निघायचं, किती जणींनी जायचं, पाठीवर काय घ्यायचं, ते ही एक गोष्ट समोर ठेवून ठरव.

आधी परिक्रमा कुठून उचलायची ते बघू. बहुतेक मराठी माणसं ओंकारेश्वरहून उचलतात. देवउठनी एकादशी झाली की तिथे संकल्प, कढई, कन्यापूजन, सगळं एकाच आठवड्यात. नर्मदामैया उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने पश्चिमेला निघालीस की दहा-बारा दिवसांत तू बडवानीजवळच्या राजघाटाला पोचतेस, आणि तिथून झाडी सुरू. म्हणजे अंग चालायला सरावलेलं नाही, टाचेचा पहिला फोड अजून ओला आहे, आणि अख्ख्या परिक्रमेतले सगळ्यात खडे चढउतार समोर. शिवाय पुढेमागे त्याच एकादशीला निघालेली शेकडो माणसं. मला ही सुरुवात पटत नाही.

तुला आडवाटच हवी आहे, तर अमरकंटकहून उचल. तिथून दक्षिण तटाने दिंडोरी, मंडला, बरमान, नर्मदापुरम, हंडिया करत ओंकारेश्वरपर्यंत येतेस तोवर महिना-सव्वा महिना झालेला असतो, पाय घट्ट झालेले असतात, पाठीवरचं निम्मं सामान तू वाटेत कुणाला तरी देऊन टाकलेलं असतं. झाडीत शिरशील तेव्हा जानेवारी असेल. समुद्र फेब्रुवारीत. आणि वैशाखाचं ऊन तापेल तेव्हा तू निमाडात नसशील, उत्तर तटाने परत अमरकंटककडे चढत असशील, हजार मीटरवर, सालाच्या सावलीत. ओंकारेश्वरहून निघालेल्यांची शेवटची चाल नेमकी निमाडात आणि नेमकी उन्हाळ्यात येते. ते ऊन कसं असतं हे विचारायचं तर रावेरखेडीला विचार. ओंकारेश्वर सोडल्यावर थोड्याच दिवसांत दक्षिण तटावर लागते. बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० ला तिथे ज्वराने गेले. आयुष्य घोड्यावर काढलेल्या माणसाची ही गत, आपण तर पंख्याखालचे.

अमरकंटकला नोव्हेंबरात थंडी मात्र चांगली असते, रात्री हात बधिर होतात. पण थंडीला स्वेटर आहे, उन्हाला काही नाही.

ओंकारेश्वरला पोचशील तेव्हा तू दक्षिण तटावर, ममलेश्वराच्या बाजूला असशील. ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर आहे, म्हणजे तिथे जायचं तर मैया ओलांडावी लागते, आणि परिक्रमेत तेवढंच करायचं नसतं. पुलावर लोकांची रीघ लागलेली दिसेल, पाय ओढतील. लांबूनच हात जोड. परिक्रमा पुरी झाली की बरोबर बाळगलेल्या बाटलीतलं मैयेचं जल घेऊन ये आणि मग वाहा.

आता पाण्याचं सांगते, कारण पुस्तकं वाचून जाणाऱ्यांची फसगत इथेच होते. गोनीदांचं 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाच, कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' वाच, भारतीताई ठाकूरांचं वाच. पण वाट कळावी म्हणून वाचू नकोस. जुन्या पुस्तकांतली काठाकाठाची पायवाट आता बऱ्याच ठिकाणी धरणाच्या पोटात आहे. सरदार सरोवर २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा पूर्ण भरलं, १३८.६८ मीटरला. जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ त्याच्या खूप आधी बुडालं, आता नवं गोऱ्याला आहे. पावसाळा संपता संपता पाणी सगळ्यात वर असतं, मग उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं. त्यामुळे काठ म्हणजे एक रेघ राहिलेली नाही. दर महिन्याला तो वेगळ्या जागी असतो. गेल्या वर्षी कुणी डिसेंबरात ज्या वाटेने गेलं, ती तुला सापडेलच असं नाही.

यातून दोन धोके निघतात. एक गाळ. पाणी मागे सरलं की वरून वाळलेली, भेगाळलेली जमीन दिसते, खाली मात्र कमरेएवढा चिखल असतो. गुरं अडकतात त्यात. जिथे पावलांच्या खुणा नाहीत तिथून पाण्याकडे उतरू नकोस. दुसरा धोका मगर. धरणाच्या पाण्यात आणि खालच्या अंगाला मगरी आहेत, ही काही घाबरवायला सांगितलेली गोष्ट नाही. आंघोळ धरणाच्या पाण्यात करायचीच नाही. गावातल्या बाया जिथे पाणी भरतात तिथून तांब्याने घे, लांब बसून कर. तसंही मैयेत गुडघ्यावर पाण्यात जाऊ नये, साबण लावू नये हा नियम जुनाच आहे. या टप्प्यावर तो पाळलास तर देवाचं आणि जिवाचं दोन्ही सांभाळलं जाईल.

आणखी एक. उपनद्या ओलांडायला हरकत नसते. पण धरणाचं पाणी उपनदीच्या तोंडातून मैलमैल आत शिरलंय, तिथे नदी कुठली आणि मैया कुठली हे कळत नाही. वळसा घालायचा तर अख्खा दिवस जातो, आणि गावातला नावाडी म्हणतो, बसा, पाच मिनिटांत पलीकडे सोडतो. त्याचा काही दोष नाही. रस्ते पाण्याखाली गेल्यापासून त्या गावांची एसटी म्हणजे होडीच. बसायचं की नाही हे तू आणि तुझ्या मैत्रिणीने निघण्याआधी ठरवा. काठावर उभं राहून, दमलेल्या अंगाने हा वाद घालायचा नाही. दोघी मैत्रिणी त्यावरून तुटलेल्या मी आमच्या ओसरीवर पाहिल्यात. माझं मत विचारशील तर मी चालून वळसा घालते. अमरकंटकहून येताना बर्गीच्या धरणाशी तुला याची तालीम मिळेलच. पुनाशाच्या इंदिरा सागराशी तर वाट काठापासून कितीतरी लांब जाते, तिथे कुरकुरू नकोस, आहे ते असं आहे.

झाडीचा टप्पा साधारण असा. बडवानीहून बावनगजा, पाटी, बोकराटा करत मध्य प्रदेशातली शेवटची गावं, मग उतरून आपल्या नंदुरबार जिल्ह्यात बिलगाव, तिथून धडगाव, काठी, मोलगीच्या बाजूने गुजरातेत माथासर, झरवाणी आणि गोरा. आठ ते दहा दिवस धर. सडकेवर तू दिवसाला पंचवीस किलोमीटर मारत असशील, इथे बारा-पंधरा झाले तरी भरपूर. वाट विचारताना किलोमीटर विचारू नकोस. तुला बरं वाटावं म्हणून सगळे "जवळच आहे" म्हणतात. किती डोंगर चढायचे आणि वाटेत पाणी कुठे कुठे, एवढे दोन प्रश्न विचार, त्यांची उत्तरं चोख मिळतात. शिवाय गाव म्हणजे घरांचा पुंजका असं डोक्यात धरून चालू नकोस. एका गावाचे दहा-दहा पाडे असतात, प्रत्येक पाडा वेगळ्या टेकडीवर. गावाची पाटी दुपारी लागते आणि पहिलं घर संध्याकाळी. म्हणून पाड्याचं नाव विचारायचं, आणि तिथे शाळा आहे का ते विचारायचं.

मुक्कामाला चारच्या आत पोचायचं. दरीत ऊन लवकर जातं, आणि अंधारानंतर मोहाच्या दारूत कोण किती बुडालंय हे तुला ओळखता येणार नाही. आपल्या गल्लीतही येत नाही. पाड्यावर पोचलीस की पुरुषमाणसाला न विचारता आधी आशाताईचं किंवा अंगणवाडीच्या बाईचं घर विचार. त्या थोडं मराठी बोलतात, त्यांना अख्खा पाडा ओळखतो, आणि बाईमाणसाला कुठे झोपवायचं हे त्यांना सांगावं लागत नाही. त्या नाहीत तर आश्रमशाळा, नाहीतर शाळेचा ओटा. बोली पावरी किंवा भिलोरी. हिंदीपेक्षा सावकाश बोललेली मराठी या बाजूला जास्त चालते. शिकायचं तर आधी 'पाणी', 'वाट', 'पुरे' एवढे शब्द तिथल्या पोरांकडून शिक. 'पुरे' सगळ्यात आधी.

कारण पुरे म्हणता आलं नाही तर काय होतं ते ऐक. दिवाळी झाली की त्या पाड्यांवरची धडधाकट माणसं गुजरातेत उसाला, मजुरीला जातात, ती होळीला परततात. काठीची होळी ऐकली असशील तू, राजवाडी होळी म्हणतात, तिला सगळी येतात. मधल्या महिन्यांत घरी म्हाताऱ्या आणि नातवंडं. तू जानेवारीत ज्या घराशी थांबशील तिथे कणगीत मोजका मका असेल, थोडे उडीद असतील, आणि त्यावर त्यांना पावसाळ्यापर्यंत काढायचंय. ती म्हातारी तुला नाही म्हणणार नाही. तिच्या दारात 'नर्मदे हर' म्हणून उभं राहिलेल्याला ती उपाशी जाऊ देणार नाही, आणि तेच तर अवघड आहे. सासूबाई म्हणायच्या, ज्या घरात एकच चूल पेटते तिथे दुसऱ्यांदा मागू नये. आमच्या घरी वीस माणसांची पंगत उठायची तरी त्यांचं लक्ष असायचं कोण भाजी टाकतंय, कोण चहा कमी गोड आहे म्हणतंय. त्यांना ते परिक्रमावासी पुढे कधी आठवलेही नाहीत. उरलेलं पान स्वतः उचलून गुरांना घालून येणारा एक म्हातारा मात्र त्या शेवटपर्यंत सांगायच्या.

तेव्हा बडवानीत तीन दिवसांचा शिधा भर. तांदूळ, मूगडाळ, गूळ, दाणे, पोहे, मीठ, तिखट. आणि घरात थांबलीस की आधी आपला शिधा बाहेर काढ, तिच्या हातात दे, मग बस. शिजवेल ती, खाल सगळे. धडगावला पुन्हा भर. तिथे बाजार आहे, बँक आहे, ग्रामीण रुग्णालय आहे. पैसे सरळ हातात दिले तर काही घरांत अपमान वाटतो. मी म्हातारीच्या हातात न देता नातवाच्या वहीसाठी म्हणून द्यायचे. दहा-वीसच्या नोटा ठेव, पाचशेची मोड झाडीत कुणाकडे नसते.

पोरांना चॉकलेट, बिस्किटं वाटायची नाहीत. अजिबात नाहीत. हौशी लोकांनी गेल्या काही वर्षांत ही सवय लावली, आता पांढरा कपडा दिसला की पोरं टेकडीवरून पळत सुटतात आणि मागे रॅपरं उरतात. काही द्यावंसं वाटलं तर शाळेत मास्तरांकडे वह्या-पेन्सिली देऊन ये.

मोठ्या घोळक्यात सामील होऊ नकोस. वाटेत प्रेमाने बोलावतील, "ताई, आमच्याबरोबर चला, झाडी आहे." दोघी आहात, फार तर तीन व्हा. दहा जणांचा घोळका सडकेवर खपतो. पाड्यावर दहा माणसं उतरली म्हणजे त्या घराचा आठवड्याचा दाणा एका रात्रीत गेला.

लुटण्याच्या गोष्टी तुला ऐकवल्या असतीलच. झाडीत 'मामा' भेटतात, अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेतात, वगैरे. मैया आई, म्हणून तिथला भिल्ल मामा. हे पूर्वी होत असे, अनेकांनी लिहून ठेवलंय, आणि लोक त्याला परीक्षा मानत. आता तसं राहिलेलं नाही. पण गोष्ट सांगणाऱ्यांना ती सोडवत नाही. तू ती पुढे सांगू नकोस, निदान त्यांच्या ओसरीवर बसून तरी नको. एकट्या महाराष्ट्रातली तेहतीस गावं सरदार सरोवरात गेली. त्यातल्या मणिबेलीचं नाव तुझ्या जन्माआधी रोज पेपरात असायचं. कोणी कुणाला लुटलं याचा हिशेब त्या काठावर बसून करायला घेतलास तर उत्तर आपल्या बाजूने येणार नाही.

अंगाचं आणि सामानाचं आता भराभर सांगते, कारण ते सगळे सांगतात. पिशवी सात किलोच्या वर नको, पाणी धरून आठ. दोन ड्रेस, एक शाल, हलकी स्लीपिंग बॅग, खाली घालायला प्लॅस्टिकचा कागद, मच्छरदाणी (सातपुड्यात हिवताप आहे, ही विसरायची नाही), टॉर्च, दोरी, सुई-दोरा, शिट्टी, ओआरएस, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. बूट एक नंबर मोठा घे, चालून चालून पाय फुगतो, आणि तो बूट घरी दोन महिने वापरून मऊ कर. अनवाणी जायचं खूळ डोक्यात आलं तर तिथेच काढून टाक. ज्यांची साधना आहे त्यांनी करावं. रोज रात्री बोटांच्या बेचक्यांत खोबरेल. फोड आला तर त्याच दिवशी थांब. एक दिवस थांबलीस तर एकच दिवस जातो, चाललीस तर आठ जातात. दंड हातात हवाच, चढाला आधार आणि कुत्र्यांना दाखवायला.

सराव म्हणजे टेकडीवर एकदा जाऊन फोटो काढणं नव्हे. भरलेली पिशवी पाठीवर घेऊन वीस किलोमीटर चाल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस. दुसऱ्या दिवशीचं दुखणं खरं काय ते सांगतं. निघण्याआधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन ये, कुणी जात नाही आणि मग मोलगीच्या घाटात दाढ ठणकते. धनुर्वाताचं इंजेक्शन घे. चष्म्याची दुसरी जोडी ठेव. साप चावला तर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, मंत्र नाही. पाय हलवू न देता दवाखाना गाठायचा, १०८ ला फोन, रेंज नसेल तर झोळी करून लोक उचलून नेतात, नेऊ दे. फोनमध्ये नकाशे आधीच उतरवून ठेव. आधारकार्डाच्या झेरॉक्स चार-पाच ठेव, समुद्राच्या होडीसाठी लागतात.

पाळीचं कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. त्या चार दिवसांत काय करायचं यावर प्रत्येक आश्रमाचं शास्त्र वेगळं. कुठे वेगळं बसवतात, कुठे विचारतही नाहीत. मी मैयेला आई म्हणते, आणि आईपासून लपवायचं असं त्यात काही आहे असं मला वाटत नाही. पूजेची बाटली तेवढे दिवस मैत्रिणीकडे दे, चालणं चालू ठेव, अंग नको म्हणालं तर थांब. पण ज्यांच्या घरात उतरलीस त्यांच्या घरात वाद घालू नकोस. झाडीत पॅड टाकायला जागा नाही, पुरलं तरी कुत्री उकरतात. कप वापरत असशील तर उत्तम, नाहीतर सुती कापड. आमच्या पिढीचं हसायला येईल तुला, पण तिथे ते सोयीचं आहे. पहाटे बाहेर जायचं ते घरातल्या बाईला सांगून, तिच्याबरोबर.

गोऱ्याला बाहेर पडलीस की एकदम वेगळं जग. मोठा पुतळा, रुंद रस्ते, तिकिटाच्या रांगा, कुंपणं. तिथे थबकायला होतं, पण लवकर पुढे सटक. गुजरातेत सेवा भरभरून आहे, इतकी की दर कोसाला कुणी चहाला थांबवतं आणि चाल होत नाही. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती. त्या दिवशी जिथे असशील तिथेच राहा, चालण्याचा हट्ट नको. पुढे हांसोट तालुक्यात कठपोर-विमलेश्वरच्या बाजूने होडी मिळते ती उत्तर तटावर मिठी तलाईला सोडते. ती भरतीवर सुटते, तुझ्या घड्याळावर नाही. एक-दोन दिवस थांबावं लागेल ते आधीच धरून चाल. होडीत तासन्‌तास बसायचंय आणि आडोसा नाही, तेव्हा आदल्या रात्रीपासून पाणी बेताचं पी. उलटीची गोळी घे. लाइफ जॅकेट दिलं तर घाल, नाही दिलं तर माग.

उत्तर तटाचं मी फार सांगत नाही. नारेश्वर, गरुडेश्वर, पुढे महेश्वर, मंडलेश्वर. गरुडेश्वरला टेंबेस्वामींची समाधी आहे, तिथे मराठी कानावर पडेल, दोन दिवस राहा. तोवर तू इतकी चाललेली असशील की तुला सांगायला मीच कमी पडेन. हापेश्वरच्या बाजूला पुन्हा झाडी आहे, तिथेही शिध्याचं वर सांगितलेलं सगळं लागू.

सहा महिन्यांत पुरी झाली नाही तर जिथे थांबशील तिथली खूण ठेव आणि पुढच्या कार्तिकात तिथूनच उचल. खंड परिक्रमा म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. रजा संपत आली म्हणून शेवटचे टप्पे जीपमध्ये बसून उरकणारे मी पाहिलेत, त्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

निघण्याआधी आठवडाभर शहाद्याला ये, भरलेली पिशवी घेऊन. मी ती उपसणार आहे, निम्मं सामान इथेच राहील, त्यावर रडायचं नाही. झाडीत शिरण्याआधी बडवानीहून एक फोन कर, बाहेर पडलीस की गोऱ्याहून एक. मधले आठ-दहा दिवस फोन आला नाही तरी मी काळजी करणार नाही, आणि दादालाही करू देणार नाही.